बोटीवर पलंग कोणी आवरायचा

३ तारीख, शुक्रवार

बॅग आज तिसऱ्यांदा भरली. दोनदा वन्संच्या यादीप्रमाणे आणि एकदा माझ्या अकलेप्रमाणे.

वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण. वय बाहत्तर, लग्न केलं नाही, मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटून बारा वर्षं झाली तरी छडी हातातून सुटलेली नाही. त्यांनी कॉम्प्युटरवरून चार पानं छापून आणलीत, 'बोटीने सहलीला जाणाऱ्यांसाठी सूचना'. औषधं आणि एक दिवसाचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा खोलीवर यायला संध्याकाळ होते. उलटीची गोळी बोट हलायच्या आधी घ्या. घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवा, बंदराच्या नाही, नाहीतर बोट तुम्हाला सोडून जाईल. शेवटच्या पानावर टिप कोणाला, कधी आणि किती द्यायची ते लिहिलंय, आणि त्याच्या बाजूला वन्संनी लाल पेनाने भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलंय.

मुलगा दोन वर्षं मागे लागला होता. "आई, बाबांनी आयुष्य घातलं तिथं, एकदा बघून तर ये." मी नाहीच म्हणत होते. यांनी सव्वीस वर्षं बोटीवर केबिन स्टुअर्डचं काम केलं. म्हणजे लोकांच्या खोल्या आवरायच्या, पलंग करायचे, टॉवेल बदलायचे. वर्षातले नऊ-दहा महिने बोटीवर आणि दोन-अडीच महिने आमच्या वाट्याला. मुलगा नऊ वर्षांचा असताना गावातल्याच एका चांगल्या हॉटेलने यांना बोलावलं होतं. घरी राहून नोकरी. हे आठ दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरले आणि नवव्या दिवशी नाही म्हणाले. परत बोटीवर गेले. पुढे अकरा वर्षं जातच राहिले.

का, ते मी कधी विचारलं नाही, यांनीही सांगितलं नाही. आता सांगायला हे नाहीत. मला बर्फाचे डोंगर नको आणि नाचगाणी नको. घरापेक्षा त्या बोटीत असं काय सोनं लागलं होतं, तेवढं डोळ्यांनी बघून यायचंय.

सुनेला बजावलंय, स्वयंपाकघरात काही हलवू नकोस, मी आल्यावर सगळं करीन.

४ तारीख, शनिवार

आलो एकदाच्या बोटीवर. बोट कसली, दहा मजली इमारत आडवी पाण्यात टाकलीय. वन्संची पहिली सूचना खरी ठरली. मोठ्या बॅगा पाच वाजता आल्या, तोवर बाकीच्या बायका घामाच्या कपड्यांत बसल्या होत्या आणि वन्सं कपडे बदलून त्यांच्यासमोरून दोनदा फेरी मारून आल्या.

खोली आमच्या माजघराच्या निम्मी असेल. दोन पलंग, मध्ये हातभर वाट, एक आरसा, एक खुर्ची, भिंतीत बसवलेलं कपाट आणि एक गोल खिडकी, तिच्यात अर्धं पाणी आणि अर्धं आभाळ. बघायला एवढंच. मी कपाटाच्या आतून हात फिरवून बघितला. धूळ नव्हती.

मग दारावर दोन टकटक आणि हळू आवाजात, "हाउसकीपिंग."

कपाटात घातलेला माझा हात तसाच राहिला. हे सुट्टीवर आले की पहिले काही दिवस आमच्या झोपायच्या खोलीच्या दारावर असंच दोनदा वाजवायचे आणि थांबायचे. मी "या" म्हणेपर्यंत आत पाऊल टाकायचे नाहीत. मी म्हणायची, "अहो, घर आहे ना तुमचं? कसली परवानगी मागताय?" हे हसायचे. पुढच्या वेळी परत वाजवायचे. मला वाटायचं, थट्टा करतात.

स्टुअर्ड आपल्याकडचाच, मराठी बोलणारा, चाळिशी ओलांडलेला माणूस आहे, कानशिलं पांढरी झालेली, बूट चकचकीत. किती वाजता आवरायला येऊ, उशी जादा लागेल का, सगळं एका दमात विचारलं. मला सांगावंसं वाटलं की माझे हेही हेच करायचे. पण वन्सं शेजारी उभ्या. त्यांनी जेवणाच्या टेबलावरच्या मंडळींना आल्या आल्या सांगून टाकलंय, "माझा भाऊ बोटीवर ऑफिसर होता." आता मी काय बोलणार?

५ तारीख, रविवार

साडेपाचला उठले. दोन्ही पलंग आवरले. वन्संना त्यासाठी उठवून खुर्चीत बसवलं, त्या चिडल्या. बेसिन घासलं, आरसा पुसला, टॉवेल घडी करून ठेवले, केराची टोपली कोपऱ्यात सरकवली. मग दाराच्या मुठीला 'कृपया आत येऊ नये'ची पाटी अडकवली.

ही पाटी म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. हे सांगायचे, एका माणसाकडे अठरा खोल्या, सकाळी एकदा आणि संध्याकाळी लोक जेवायला गेले की परत एकदा. गाद्या उचलून उचलून चाळिशीतच यांची पाठ गेली. सुट्टीवर आले की मी गरम पाण्याची पिशवी देऊन निजवून ठेवायची. म्हटलं, या बिचाऱ्याची एक खोली तरी कमी होऊ दे. दुसऱ्या कुठल्या बाईला हे सुचणार नाही, पण मी स्टुअर्डच्या घरातली.

दुपारी तो वाटेत ट्रॉली घेऊन उभा होता. "मॅडम, काही चुकलं का आमचं?"

"छे, छे! काही नको आम्हाला. तुम्ही आराम करा."

तो "बरं, मॅडम" म्हणाला आणि ट्रॉली ढकलत गेला. केवढं बरं वाटलं असेल त्याला.

आमच्या घरातही मी यांना इकडची काडी तिकडे करू दिली नाही. शिवणाची मशीन चालवून, मुलाची शाळा, बँक, गळकं छप्पर, सगळं माझं मी बघायची. हे आले की यांचं काम एकच, आराम. हे चहा करायला उठले तर मी हातातून भांडं काढून घ्यायची. पलंगाची चादर ओढायला लागले तर म्हणायची, "तिथं करता तेवढं पुरे झालं." कधी कधी हे अख्खी सकाळ दारातल्या पायरीवर बसून राहायचे, पेपर उघडा आणि नजर रस्त्यावर. शेजारणी मला म्हणायच्या, नवऱ्याचे लाड करावेत तर हिने.

आणि एवढं करून काय झालं? कायमचे घरी आले तेव्हा महिन्याभरात सकाळचे गायब व्हायला लागले. शोधून काढलं तर सरकारी दवाखान्यात. पुरुषांच्या वॉर्डात जाऊन रोज बारा पलंग आवरत होते. फुकट! पगार नाही, कोणी बोलावलेलं नाही. मला लाजेने मेल्यासारखं झालं. घरातला पलंग सोडून परक्यांचे पलंग. शेवटच्या आजारापर्यंत चार वर्षं जात होते. नर्स मला रस्त्यात थांबवून सांगायची, "तुमचे मिस्टर आले की पेशंट उठून बसतात हो." मी म्हणायची, असेल.

अजून आठवलं की राग येतो. राग येतो आणि मग डोळे भरून येतात, त्यामुळे धड रागही पुरा होत नाही.

६ तारीख, सोमवार

बोट हलते आहे. वन्संनी गोळी वेळेवर घेतली, तरी आडव्या. मला काही होत नाही.

जेवून आलो तर दाराबाहेर एका ट्रेमध्ये टॉवेलचा ससा. आत यायची परवानगी नाही म्हणून बाहेर ठेवून गेला. कान ताठ, पोट गुबगुबीत. हे मुलासाठी करायचे. हत्ती, बदक, माकड. एकदा दोरीवर वाळत घातलेले सगळे टॉवेल घेऊन यांनी अख्खं प्राणिसंग्रहालय मांडलं होतं आणि मुलगा खिदळत लोळत होता. मी ओरडले, "आत्ता धुतलेत मी ते!" आणि एकेक उलगडून परत घड्या केल्या. काय बिघडलं असतं राहिले असते तर एक दिवस? एक दिवसाने काय होणार होतं?

ससा मी उलगडला नाही. आरशासमोर ठेवलाय.

वन्संनी पडल्या पडल्या एक शोध लावला. आमच्या बिलात रोज दोघींच्या नावे टिप आपोआप धरली जाते.

"खोली तू आवरतेस आणि टिप त्याला?"

"वन्सं, ती एकट्याची नसते. धुलाईवाले, भांडीवाले, सगळ्यांना वाटून जाते. हे सांगायचे."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

त्यांनी तत्त्व काढलं की मी विषय बदलते. हे टिपेबद्दल फार बोलायचे नाहीत, पण एक सांगायचे. पहिल्या दिवशी जो नाव विचारतो तो शेवटच्या दिवशी बरोबर भेटून जातो, आणि जो रोज म्हणतो "तुमचं बघू हं शेवटी", तो शेवटी दुसऱ्या जिन्याने उतरतो. आणि उशीखाली पैसे ठेवू नयेत. स्टुअर्डला कळत नाही की विसरलेत की दिलेत, आणि तो त्यांना हात लावत नाही. पाकिटात घालून हातात द्यावेत, आणि दोन शब्द बोलावेत. पैशापेक्षा ते दोन शब्द यांना पाठ असायचे, कुठल्या बाई काय म्हणाल्या ते.

मुलाला फोन केला. म्हणाला, सुनेने डबे सगळे खालच्या फळीवर घेतलेत, आणि हल्ली गुणगुणत स्वयंपाक करते. गुणगुणायला काय झालं तिला? मी तिथे असताना एक दिवस गुणगुणली नाही.

८ तारीख, बुधवार

काय करून बसले मी!

सकाळी दहाला दार वाजलं. दोनदा नाही, चांगलं चारदा. उघडलं तर निळ्या कोटातली एक बाई, हातात कागद. हाउसकीपिंगच्या सुपरवायझर. त्यांच्यामागे आमचा स्टुअर्ड, हात पाठीमागे, नजर गालिच्यावर.

"मॅडम, आपल्या खोलीच्या सेवेबद्दल तक्रार आली आहे."

"तक्रार? कोणाची?"

"आपलीच."

मी वन्संकडे बघितलं. वन्सं खिडकीतून समुद्र बघायला लागल्या. काल दुपारी मी झोपले असताना बाईसाहेब काउंटरवर गेल्या आणि टिप काढून टाकायला सांगितली. कारण विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं म्हणे. "आमची खोली आम्हीच आवरतो. माझी भावजय पहाटे उठून बेसिन घासते." आता तो कागद काय म्हणतो? पाहुण्यांना स्वतः बेसिन घासायची वेळ आली. त्यातून रोज दारावर पाटी, म्हणजे पाहुण्यांना हा माणूस खोलीतच नको आहे.

मी म्हटलं, या स्टुअर्डचा काही दोष नाही. सुपरवायझर बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, "आपण काळजी करू नका, आम्ही माणूस बदलून देऊ." मी नको नको म्हणेपर्यंत त्या निघूनही गेल्या. हसणं असं की पुढे बोलताच येऊ नये.

स्टुअर्डला मी जिन्याजवळ गाठलं. तो पुढे निघाला होता, थांबला. मग म्हणाला, "मॅडम, माझं कॉन्ट्रॅक्ट या फेरीला संपतंय. पुढचं देताना पाहुण्यांचे कागद बघतात. दोन मुली आहेत, मोठी नर्सिंगला आहे." एवढं बोलून लगेच, "पण तुमची चूक नाही."

"अहो, मी तुमचा त्रास वाचवत होते!"

त्याने आजूबाजूला कोणी नाही ना ते बघितलं. मग म्हणाला, "रागावू नका. अठरा खोल्या असतात. सतरा खोल्यांत मला काम असतं. तुमच्या दारापाशी आलो की ट्रॉली तशीच पुढे न्यावी लागते. उगाच चोरासारखं वाटतं. आपण कोणाला नकोच आहोत असं."

पायरीवर पेपर उघडून बसलेले हे दिसले मला. कुठे बोटीचा जिना आणि कुठे आमची पायरी. का दिसले ते कळेना, पण तिथून हललेच नाहीत.

तशीच काउंटरवर गेले. रांगेत तीस माणसं. माझा नंबर आला तेव्हा त्या मुलीला म्हटलं, आमची टिप परत लावा, आणि तक्रारीचा कागद द्या, मला तो फाडायचाय. ती म्हणाली, फाडता येत नाही, पण तुमचं म्हणणं जोडता येईल. मग उभ्याने दोन पानं लिहिली. पहिल्यांदाच कुठल्या कागदावर लिहिलं की माझे पती केबिन स्टुअर्ड होते. मागे वन्सं येऊन उभ्या होत्या. त्यांनी वाचलं.

९ तारीख, गुरुवार

बंदर. वन्संनी घड्याळ तीनदा तपासलं आणि बोट सुटायला पाच तास असताना बजावलं की दोन तास आधी परत फिरायचं. त्यामुळे फार लांब गेलोच नाही. धक्क्यापासून एक रस्ता वर जातो, दोन्ही बाजूंना दुकानं, दारात पोस्टकार्डांचे फिरते खांब, एक न्हावी, एक चष्म्याचं दुकान. वर चढून बाकावर बसलो. खाली आमची बोट.

मी म्हटलं, "वन्सं, यांनी ती हॉटेलची नोकरी का सोडली हो?"

मला वाटलं, म्हणतील, जाऊ दे आता. त्या चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्याकडे आला होता. त्या आठ दिवसांत. दुपारचा आला, माझ्या स्वयंपाकघरात जाऊन चहा केला, कपबशा धुतल्या. म्हणाला, ताई, कायमचा घरी राहिलो तर दिवसभर बसू कुठं?"

"म्हणजे?"

"तेच मी विचारलं. तर म्हणाला, तिने इतकं चोख चालवलंय की मला त्यात हात घालायला जागाच नाही. ती मला पाहुण्यासारखी वागवते आणि मी पाहुण्यासारखा वागतो. बोटीवर निदान कोणीतरी माझी वाट बघतं."

खालून बोटीच्या कामगारांच्या हाका येत होत्या.

"वन्सं, सतरा वर्षं झाली याला. मला का सांगितलं नाहीत?"

"तू विचारलंस कधी?" मग आवाज बदलला त्यांचा. "आणि मलाही तेव्हा तुझाच हेवा वाटायचा गं. म्हटलं, एवढी सेवा करणारी बायको मिळाली आणि हा रडतोय. मी त्याला रागावून परत पाठवलं."

मग आम्ही दोघी त्या बाकावर बसून रडलो. येणारे जाणारे बघत होते, बघू देत. वन्संना मी याआधी रडताना बघितलं नव्हतं, हे गेले त्या दिवशीसुद्धा नाही.

मी आराम करा म्हणायची ना, ते मनापासून म्हणायची. दहा महिने राबून आलेल्या माणसाला दुसरं काय द्यायचं असतं? मला खरंच दुसरं काही ठाऊक नव्हतं. पण मला हे लिहितानाही कळतंय की त्यात थोडा तोराही होता. तुमच्यावाचून माझं काही अडत नाही, हे मी यांना रोज दाखवत होते. नसता दाखवला तर काय झालं असतं? कोण जाणे.

बोट सुटायच्या दोन तास दहा मिनिटं आधी परत आलो.

१० तारीख, शुक्रवार

आज पलंग आवरला नाही.

लिहायला सोपं आहे. पहाटे डोळे उघडल्यापासून हात शिवशिवत होते. उशी खाली पडलेली, चादरीचा बोळा, वन्संचा टॉवेल खुर्चीवर. लग्न झाल्यापासून असा पसारा मी दुसऱ्या माणसाच्या नजरेला पडू दिला नाही. दारावरची पाटी काढली आणि खुर्चीवर बसून राहिले. वन्सं म्हणाल्या, "मी वर चहाला जाते, मला बघवत नाही तुझ्याकडे."

साडेनऊला दोन टकटक. "हाउसकीपिंग."

"या."

आमचाच स्टुअर्ड. माणूस बदलला नव्हता. म्हणाला, सुपरवायझर बाईंनी बोलावून माझी दोन पानं त्याच्यासमोर वाचली, तक्रार रद्द झाली, कॉन्ट्रॅक्ट मिळालं. दोन महिने घरी आणि मग परत. मी उठायला लागले तर म्हणाला, "बसा ना, मॅडम. माझी काही हरकत नाही." बसले.

मी आजवर हे काम बघितलंच नव्हतं. सव्वीस वर्षं एक माणूस काय करतो ते मला फक्त पाठदुखीवरून माहीत. त्याने जुनी चादर एका झटक्यात काढली, नवी हवेत उडवली, ती पलंगावर सरळ येऊन बसली. मग कोपरा. कोपऱ्याला त्याने चादर उचलली, तिरकी धरली, खाली खोचली, तळहात फिरवला. नुसतं बघत राहावंसं वाटलं. चार कोपरे आणि चारही सारखे. तोंडाने हळूच काहीतरी गुणगुणत होता आणि ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

हे असे दिसत असतील. अठरा खोल्यांत, रोज. दवाखान्यातही. फक्त मी बघितलं नाही.

मी विचारलं, "घरी गेलात की पलंग कोण आवरतं?"

तो हसला. "बायको. हात लावू देत नाही. म्हणते, वर्षभर लोकांचे करता, इथं तरी पाय पसरा."

"तुम्ही सांगत नाही तिला?"

"सांगून बघितलं एकदोनदा. तिला वाटलं, मी तिच्या कामाला नावं ठेवतोय. मग सोडून दिलं. चांगली आहे हो ती, फार चांगली आहे."

मी म्हटलं, "माहीत आहे मला ती कशी आहे."

तो उशी थोपटत होता, थांबला. मग बाथरूममधून ओला टॉवेल आणून नवा ठेवताना म्हणाला, "तुमचे साहेब कुठल्या डेकला होते, मॅडम?" बोटीवर आल्यापासून मला पहिल्यांदा कोणीतरी यांच्याबद्दल विचारलं. मी सांगितलं. मग आठवलं ते सगळं सांगत सुटले, ससा, माकड, दारावरची टकटक. त्याच्या पुढच्या खोल्या खोळंबल्या असतील, पण तो ट्रॉलीचा दांडा धरून उभा राहिला आणि नीट ऐकत होता.

तो गेल्यावर पलंगाच्या कडेला बसायचं धाडस झालं नाही. खुर्चीतच बसून राहिले.

११ तारीख, शनिवार

आठपर्यंत खोली सोडायची आहे. बॅगा कालच बाहेर ठेवल्या. वन्संच्या सूचनेप्रमाणे आजचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवले होते. समोरच्या खोलीतले गृहस्थ विसरले आणि आता झोपायच्या पायजम्यावर उतरणार आहेत.

वन्संनी स्वतःहून पाकीट आणलं आणि त्यात स्वतःचे पैसे घातले. किती ते मला दाखवलं नाही. स्टुअर्ड दारात आला तेव्हा त्याच्या हातात देऊन म्हणाल्या, "उत्तम काम." शाळेत वह्यांवर हेच लिहीत असतील. त्याचा चेहरा बघायला हवा होता.

मी दुसरं पाकीट दिलं. त्यालाही तो टिपच समजला असेल. पाहुण्यांसमोर पाकीट उघडायचं नाही हा त्यांचा नियम, त्यामुळे दोन्ही पाकिटं कोटाच्या आतल्या खिशात गेली. मी म्हटलं, "हे तुमच्यासाठी नाही. बायकोला द्या." तो गोंधळला, मग मान हलवली.

आत चिठ्ठी होती. कच्चा खर्डा माझ्याकडे राहिलाय, तो इथे उतरवून ठेवते.

"बाई, आपली ओळख नाही. तुमच्या मिस्टरांनी आठ दिवस आमची खोली सांभाळली. ते घरी आले की पलंग त्यांना आवरू द्या. तुमच्यापेक्षा चांगला आवरतील, राग मानू नका. समोर बसून बघा. चहा करतो म्हणाले तर भांडं हातातून काढून घेऊ नका. आणि कधी शहरात नोकरी मिळतेय म्हणाले, तर आठ दिवस त्यांना एकटं विचार करायला सोडू नका. त्याच दिवशी सांगा की तुम्ही घरी हवे आहात, तुमच्यावाचून माझं अडतं. मी सांगितलं नाही. मला वाटलं, त्यांना माहीत असेल.

– एका केबिन स्टुअर्डची बायको."